पाचवा हात

तेरेझाच्या व्याकरणाच्या पुस्तकाला पहिली अकरा पानं नव्हती. आचऱ्याचे जुने पाद्री बदली होऊन गेले, तेव्हा मागे राहिलेल्या वस्तू लोकांनी वाटून घेतल्या. तिच्या वाट्याला एक तडा गेलेली बरणी आणि हे पुस्तक आलं. बरणीत तिने कोकमाची सोलं भरली. पुस्तकात काही भरता येईना, म्हणून वाचायला घेतलं. प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीतलं, त्यामुळे अक्षरं ओळखीची होती. बाराव्या पानावर सर्वनामं होती, तेव्हा तिचं इंग्रजी सुरू झालं ते थेट तिथून. स्वतः एकटा असेल तर 'आय', बरोबर आणखी कोणी असतील तर 'वुई'. तो एकटा 'ही', ते सगळे 'दे'.

वाचून तिला तेव्हा हसूच आलं होतं. साहेबाच्या भाषेत मानाला जागाच नव्हती. पाद्री तोही 'ही', आणि पाद्रीच्या कोंबड्या चोरणारा तोही 'ही'. पुढे वाडीतल्या बायका बोटीवर गेलेल्या नवऱ्यांसाठी कंपनीला अर्ज लिहून घ्यायला तिच्याकडे येऊ लागल्या. "ते तापान आजारी होते, ते आता कसे आसत, ते घराक कधी येतले," असं सांगत. एका सुकटीएवढ्या माणसाला तीन तीन वेळा 'ते'. तेरेझा मान खाली घालून 'ही' लिही आणि त्या परक्या नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी आपण काढून घेतली असं वाटून जराशी ओशाळे.

तिने स्वतः 'ते' म्हणावं असं कोणी नव्हतं. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि भाऊ सांतान दोन वर्षांचा. त्याला वाढवण्यात तिचं लग्न राहून गेलं, असं लोक म्हणत. "राहूक नाय, मीच ठेवलंय," असं ती म्हणे, आणि विषय संपे.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरात परशुराम तांडेलाचा शिडाचा पडाव मंगलोरी कौलं भरून आचऱ्याला यायला निघाला. निघाला तेव्हा त्यावर पाच माणसं होती. खाडीत शिरला तेव्हा चार. सांतान नव्हता. पडावामागे दोराने बांधलेली छोटी होडीही नव्हती. होडी तिसऱ्या दिवशी मिठबावच्या वाळूत उपडी सापडली. सांतान सापडला नाही. प्रेत नाही म्हणून पुरणं नाही, आणि पुरणं नाही म्हणून रडायला यायचं की नाही ते शेजाऱ्यांना कळेना. ते अंगणाच्या कडेला उभे राहून, पायरीला हात लावून परत जात.

आठवड्याने परशुराम तांडेल आला. बरोबर धोंडू, बाबू आणि भिकाजी, म्हणजे उरलेला सगळा पडाव. चौघे घरापुढच्या खळ्यात उकिडवे बसले. परशुराम पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. बसला तरी एक हात जमिनीला टेकवून बसे, जणू जमीनही कधी कलेल.

"तेरेझाबाय," तो म्हणाला, "मालवणच्या बंदर कचेरीत जबाब देवक व्हयो. इंग्रजीत. मुंबईच्या विमा कंपनीक दुसरी भास चलना नाय. थयलो साहेब रजेर आसा, आणि कारकुनाचा इंग्रजी सही करण्यापुरता."

"आणि माझा?"

 साऱ्या आचऱ्यात असा कागद लिहू शकणारी ती एकटीच होती. भाऊ कसा गेला हे लिहायला बहिणीलाच सांगायचं, यात काही वावगं आहे हे त्या चौघांनाही समजत होतं. म्हणून तर ते चौघे आले होते. एकट्याने यायची कोणाची छाती नव्हती.

तिने कागद घेतला. "सांगा."

परशुरामाने सांगितलं. वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ वारा फिरला. मागच्या होडीचा दोर सुकाणात अडकला. सुकाण वळेना, पडाव खडकांकडे जायला लागला. दोर सोडवायला सांतान होडीत उतरला. होडीत पाणी भरलं. दोर ताणला गेला, सुकाण आणखी आवळलं.

"मगे?"

"मगे आमी दोर कापलो."

तेरेझाची लेखणी थांबली. "आमी म्हणजे कोण?"

"आमी. पडाव."

"पडावाक हात नसतत, तांडेलानू. सुरी कोणाच्या हातात होती?"

धोंडूने घसा खाकरला. "बाय, पडावार तसा नसता. थयसर आमी म्हणजे आमी."

ते तिलाही माहीत होतं. परशुरामाच्या पडावावर त्याच्या आज्यापासूनची एक रीत होती. माल दर्यात टाकायचा असो, डोलकाठी तोडायची असो, तांडेल एकट्याच्या मनाने ठरवीत नसे. तो ओरडून विचारी, "हात?" आणि कबूल असेल तो उजवा हात वर करी. एक जरी हात खाली राहिला तरी काम होत नसे. सगळे वर गेले, की मग ते काम कोणा एकाचं नाही. किनाऱ्यावर आल्यावर पहिला कोण बोलला हे कोणी कोणाला सांगत नसे, बायकोलाही नाही. सांतान हे मोठ्या फुशारकीने सांगायचा. "तांडेल हात इचारता, बाय. माका पण."

"मगे हात इचारलंत?" तेरेझाने विचारलं.

"इचारलंव."

"किती वर झाले?"

परशुरामाने जमिनीवर टेकलेला हात उचलून दुसरा टेकवला. "सगळे," तो म्हणाला.

सगळे म्हणजे चार की पाच, हे तिने विचारलं नाही. उत्तर चार आलं असतं, तर सांतानच्या मरणावर तिऱ्हाइतांनी हात वर केले असं झालं असतं. पाच आलं असतं, तर ते तिला ऐकवलं नसतं. मराठीत 'आपण' म्हटलं की समोरचा धरला जातो, 'आम्ही' म्हटलं की सुटतो. साहेबाच्या 'वुई'त मेलेला आत की बाहेर, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. कदाचित त्या हरवलेल्या अकरा पानांत असेल.

"उद्या या," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी आली ती काशीबाई, परशुरामाची बायको. ओट्यावर तांदळाने भरलेलं सूप ठेवलं आणि त्याच्याआड बसली.

"तू म्हणे अडून बसलंस."

"अडान बसाक नाय. कोणी कापल्यान ता इचारतंय."

"इचारून काय करतलंस? कारकुनान तेंका सांगल्यान हा. एकट्यान कापलो असो जबाब इलो तर परवानो जातलो, वर खटलो. सगळ्यांनी मिळान कापलो तर ती दर्याची करणी." काशीबाईने पदराने तोंड पुसलं. "ते काय एकटे होते पडावार? ते कधी एकट्यान काय करीत नायत, ते घरात मीठ कमी झाला तरी चार जणांक इचारतत."

एका नवऱ्याचे इतके 'ते' ऐकून तेरेझाला एरवी हसू आलं असतं.

"काशीबाय, माझो एकच होतो."

"म्हणान माझो पण घालवतलंस? लिव गो आमी म्हणान. एका अक्षरान मेलेलो परत येतलो काय?"

"येवचो नाय," तेरेझा म्हणाली. "पण कोणीतरी मारल्यान ना तेका. माका तेचा नाव व्हया. चार नावा घेवन मी शाप खंय देव? घरोघर फिरान?"

काशीबाई उठली. सूप तिथेच ठेवून गेली. दोन पावलं जाऊन परत आली आणि सूप घेऊन गेली.

त्या दुपारी तेरेझाने जबाब दोनदा लिहिला. एकदा 'वुई' घालून, एकदा 'आय' घालून. बाकी शब्द तेच, वारा तोच, खडक तेच. 'वुई'चा कागद वाचला की डोळ्यांसमोर धूर आल्यासारखं होई, माणूस दिसेना. 'आय'चा वाचला की परशुराम सुरी घेऊन स्वच्छ उभा दिसे. त्याला शाप द्यायला सोपं होतं. आपल्याकडे जमीनदार एकटा असला तरी स्वतःला 'आम्ही' म्हणतो, बिशप तर आपल्या पत्रातही 'आम्ही'. मग हा तांडेल 'आमी'च्या आड एकटाच लपला नसेल कशावरून? तिने 'आय'चा कागद वर ठेवला आणि त्यावर बरणी ठेवली.

*

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी परशुराम आला, आणि एकटा आला. वाडी जेवत होती. तो खळ्यात बसला नाही, उभाच राहिला.

"कागद तयार आसा," तेरेझा म्हणाली. "मी मी म्हणान लिवलंय हा. आंगठो देत नशात तर दुसरो कोण बघा."

"तसोच रवांदे."

तिला वाटलं होतं, तो भांडेल. तिने भांडणाची तयारी केली होती. शब्द जुळवून ठेवले होते, ते तोंडात तसेच राहिले.

"चौघांनी हात वर केले तेवढा खरा," परशुराम म्हणाला. त्याचा आवाज दर्यावर हाका मारून फाटलेला, हळू बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो मधेच विझे. "पण रीत पाचांची. पाचवो खाली होडीत. मी तेका हाक मारलंय. तीनदा. हात, सांतान, हात. आणि तेणा हात वर केल्यान."

तेरेझा भिंतीला टेकली.

"भिकाजीन बघल्यान. म्हणालो, हात इलो. मगे धोंडून म्हटल्यान, इलो. कोणाक थांबाक वेळ नाय होतो, खडक थयसर दिसत होते. मी कापलंय." तो थांबला. "त्या तिघांक वाटता पाचवो हात इलो. म्हणान ते जेवतत, झोपतत. तेंका वाटता सांतान आमच्यात होतो."

"आणि तुमका?"

"माका सुकाणाकडना सगळा दिसत होता."

"काय दिसला?"

 बाहेर कोणाच्या तरी कुत्र्याने माशाचं डोकं ओढत नेलं, त्याचा सर्र असा आवाज आला.

"खंयचो हात, तांडेलानू?"

"डावो," तो म्हणाला.

पडावावर डावा हात मोजत नसत. डाव्याने प्रसाद घेत नाहीत, डाव्याने क्रूस करीत नाहीत, तसा डाव्याने कौलही देत नाहीत. हे पाचांनाही ठाऊक होतं. सांतानलाही.

"डावो होतो, आणि मी गप रवलंय," परशुराम म्हणाला. "तिघांक सांगलंय असतंय, तर तेंचे हात खाली इले असते. रीत ती रीत. मगे पाचव जण गेले असते. म्हणान मी गप रवलंय आणि कापलंय. कबूल म्हणान वर केल्यान, की माका वडून वर घेवा म्हणान केल्यान, ता दर्याक म्हायत. आमी म्हटला तर तेणा स्वताक मारल्यान असा जाता. तुझ्या कागदात तसा नको. मी म्हणान लिव."

 तेरेझाजवळ एक गोष्ट होती आणि ती आता कुठे ठेवावी ते तिला कळत नव्हतं.

सांतान जन्माचा डावखुरा होता. ते घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं, कारण तेरेझाने माहीत होऊ दिलं नव्हतं. डाव्या हाताने जेवतो, डाव्या हाताने क्रूस करतो, लोक काय म्हणतील म्हणून तिने तो तीन वर्षांचा असताना त्याचा डावा हात काथ्याच्या दोरीने कमरेला बांधला. सहा महिने. तो रडे, ती उजव्या हातात पेजेने भरलेला चमचा धरायला लावी. सुटला तेव्हा उजव्याने सगळं करायला शिकला होता. लोकांना दाखवायचं ते सगळं उजव्याने. फक्त काही पडायला लागलं, पाय घसरला, अंगावर काही आलं, की अजून डावाच पुढे जाई. शिंक्यातलं मडकं सुटलं तर डाव्याने झेली. गेल्या तीस वर्षांत हे तिने किती वेळा पाहिलं होतं.

लोकांना उत्तर द्यायचं असतं तर त्याने उजवा वर केला असता. डाव्याने तो फक्त काहीतरी धरायला जाई.

*

मालवणच्या बंदर कचेरीत कारकून पानाची डबी उघडून बसला होता. घाटावरचा माणूस, बोलणं पुस्तकी. तेरेझाचा कागद त्याने ओठ हलवत वाचला आणि एक छापील फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"बाई, तुमचं लिखाण छान आहे, पण यात उतरवा. नमुना ठरलेला आहे."

फॉर्मच्या माथ्यावरच छापलेलं होतं, वुई, द टिंडल अँड क्रू, म्हणजे आम्ही तांडेल आणि खलाशी. खाली रिकाम्या ओळी, त्यांच्या मधे मधे पुन्हा वुई, वुई, वुई. माणसं आत भरायची तेवढी बाकी होती.

"हे चुकीचं आहे," तेरेझा कचेरीतल्या मराठीत म्हणाली. "हे काम एकट्याचं आहे. इथे आय पाहिजे."

"अहो, इंग्रजांच्या काळात मद्रास ते कराची हाच फॉर्म चालत आला. आजवर कोणी आय मागितला नाही." कारकुनाने परशुरामाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तांडेल, बाईंना समजवा. छापलेलं आहे तसं राहू द्या. आठ दिवसांत मोकळे व्हाल. कोणी विचारणारसुद्धा नाही."

मोकळे. तेरेझाला कळलं की आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे. छापखान्याने तिच्यासाठी ठरवून ठेवलं होतं. परशुराम वाचेल, काशीबाईचं सूप परत येईल, आणि त्या वुईत सांतान पाचवा म्हणून कायमचा बसेल, उजवा हात वर करून. शाप द्यायची तिची इच्छा परवा दुपारीच कुठेतरी सांडली होती. समोरचा माणूस आपल्याहून थकलेला दिसला की शाप जड होतात. तरीही तिने दौत जवळ ओढली.

"तांडेलानू," ती म्हणाली, "अजून येळ आसा, सांगा."

परशुराम भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. "डावो होतो, बाय."

तिने छापील वुईवर आडवी रेघ मारली आणि वर आय लिहिलं. पुढच्या ओळीत पुन्हा. कारकून "अहो, अहो" म्हणत उठला, मग डबी मिटून बसला. फॉर्ममध्ये चार वुई होते. चारही तिने खोडले. प्रत्येक खोडीशेजारी परशुरामाने अंगठा उठवला. चौथ्या वेळी शाई संपत आली होती, म्हणून त्याने अंगठा जोराने दाबला. खाली, वाचून दाखवणाराची सही, तिथे तिने आपलं नाव घातलं. तेवढं एक तिला विचार न करता लिहिता आलं.

*

परवाना गेला. खटला उभा राहिला नाही, कारण प्रेत नव्हतं. आणि कंपनीच्या उत्तरात कौलांचा आकडा होता, होडीची लांबी होती, सांतान नव्हता. पडाव नव्या तांडेलाकडे गेला. धोंडू, बाबू, भिकाजी त्याच्याबरोबर गेले. परशुरामाला साधा खलाशी म्हणूनही कोणी घेतलं नाही. दोर कापला म्हणून नव्हे. दोर कोणीही कापला असता, असंच किनाऱ्यावर म्हणत. पण पडावावरचं काम त्याने 'मी' म्हणून किनाऱ्यावर सांगितलं, बाकीच्यांचे हात फुकट घालवले. अशा माणसाबरोबर हात कोण वर करणार? तेरेझाकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या बायकाही कमी झाल्या. काशीबाई विहिरीवर तिची पाळी आली की घागर उचलून बाजूला होई. 

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, सांतानच्या नावाने मेणबत्ती कुठे लावायची हा प्रश्न होता. थडगं नव्हतं. तेरेझा ती घेऊन किनाऱ्यावर गेली. परशुराम तिथे दुसऱ्या कोणाचं तरी जाळं दुरुस्त करीत बसला होता. तो वर्षात वाळला होता. अजूनही एक हात वाळूला टेकवून बसे. तिने मेणबत्ती वाळूत खोचली, तीन काड्या ओढल्या. तिन्ही वाऱ्याने विझल्या. तिने पेटी ठेवून दिली आणि नुसतीच बसली.

परशुराम म्हणाला, "बाय, एक इचारू?"

"इचारा."

"घरात तो कसो होतो? म्हणजे हाताचो. माका वर्षभर वाटता... पडावार तो सगळा उजव्यान करी. पण कोण कोण आसतत ना, तेंचो डावोच उजवो आसता." तो जाळ्याकडे बघूनच बोलत होता. "तसो काय होतो तो?"

तेरेझाने समुद्राकडे पाहिलं. तिच्या तोंडात दोन वाक्यं होती. पहिलं खरं होतं. दुसरं त्याहून खरं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "जन्माचो डावखुरो."

दुसरं तिने गिळलं. शिंक्याचं, मडक्याचं, काथ्याच्या दोरीचं, तो हात फक्त काही धरायला पुढे जाई त्याचं.

परशुरामाने श्वास सोडला. इतका लांब, की एवढा वेळ तो आत कुठे होता कोण जाणे. मग त्याने जाळ्याची सुई उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि एक गाठ मारून पाहिली. गाठ बसली नाही. त्याने पुन्हा मारली. तेरेझा ते बघत बसली, आणि त्याच्याकडून ती सुई काढून घ्यावी असं तिला फार वाटलं.